खेळ लेकीचा, धून मित्राची

कॉम्प्युटरवरचे गेम म्हणजे वेळेची नासाडी, असं मानणाऱ्यांतली मी एक. पण आमच्या धाकटीने दीड वर्ष रात्री जागून स्वतःच एक गेम तयार केला. चक्क सागरगोट्यांचा! माझ्या आजीच्या घरासारखी ओसरी, तिन्हीसांजेचा उजेड, मागे बासरीची धून. बघून मीच हरखले. "आता हा विकायचा, परदेशातसुद्धा," ती म्हणाली, तेव्हा मात्र माझ्यातली हिशेबी बाई जागी झाली.

"खर्च किती गं?"

इंटरनेटवर 'स्टीम' नावाचं गेमचं मोठं दुकान आहे. तिथे २०१७ पासून दर गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. म्हणजे आठ-नऊ हजार रुपये! हजार डॉलरची विक्री झाली की ते परत मिळतात म्हणे. विक्रीतले साधारण ३० टक्के दुकानाचे. शिवाय अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांवर तिथलं सरकार कर कापतं. फॉर्ममध्ये पॅन नंबर देऊन भारत-अमेरिका कराराची सवलत मागितली तर १५ टक्के, नाही तर ३०. एका फॉर्मवर कर निम्मा होतो! मी तो सीएंकडूनच भरून घेतला.

एवढं झालं आणि ज्या मित्राने हौसेने धून करून दिली होती, त्याचा निरोप आला. "धून माझी आहे. निम्मे पैसे दे, नाही तर काढून टाक." लेक दोन दिवस जेवली नाही. माझा तर संतापच झाला. घरी येऊन माझ्या हातचे पोहे खाणारा मुलगा हा!

शेवटी भिशीतल्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लेखी काय आहे?" काहीच नव्हतं.

"मग बरोबर आहे त्याचं. धून त्याची."

त्यांनी समजावलं ते असं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लेखनासारखाच धरतात. लिहिला की हक्क आपोआप लेकीचा; नोंदणी सक्तीची नाही. पण उद्या भांडण झालं तर पुरावा म्हणून उपयोगी पडते, आणि फी अवघी ५०० रुपये. गेमच्या नावाचा ट्रेडमार्क वेगळा, त्याला ऑनलाइन अर्जाचे ४५०० रुपये. तो आम्ही तूर्त लांबणीवर टाकला. आणि सागरगोटे खेळायची कल्पना? ती कुणाच्याच मालकीची नाही. उद्या दुसरीने आपला वेगळा सागरगोट्यांचा गेम केला तर आपण हात चोळत बसायचं. तिने आपली चित्रं किंवा प्रोग्रॅम उचलला, तरच भांडता येतं.

धुनीचं मात्र तोंडी चालत नाही. हक्क घ्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. त्यात मोबदला लिहायचा, किती वर्षांसाठी तेही लिहायचं. मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे परदेशातल्या विक्रीवर पाणीच! नुसतं 'माझी हरकत नाही' असं लिहून घ्यायला निघालेली मी गप्पच बसले.

मुलाला घरी बोलावलं. पोहे केलेच. बोलता बोलता कळलं की त्याचा राग पैशांवर नव्हता. गेममध्ये त्याचं नावच नव्हतं! लेक म्हणाली, "अरे, शेवटी टाकणारच होते." वकीलबाई म्हणाल्या, "नाव मिळणं हा त्याचा कायदेशीर हक्कच आहे, उपकार नाही." लेकीची मान खाली गेली.

पाच हजार रोख आणि विक्रीतले पाच टक्के ठरले. जगभरासाठी, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी. पाच हजार माझ्या भिशीतले. सही करताना तो म्हणाला, "काकू, नाव सुरुवातीलाच हवं." तेही कागदात घातलं.

गेम आता दुकानात लागलाय. हजार डॉलर अजून लांब आहेत. लेक रोज सकाळी आकडा बघते आणि मला सांगते. मी तो भिशीच्या वहीत मागच्या पानावर लिहिते.