दोन यंत्रांचें संभाषण कसें ऐकावें?

आमच्या नेवासे तालुक्यांत सकाळ झाली कीं दुधाच्या किटल्या संकलन केंद्राची वाट धरतात. अशा केंद्रांवर आतां विजेचा काटा व संगणक एका केबलीनें जोडलेले आढळतात; किटली ठेवली कीं वजन संगणकांत जातें व पावती निघते. समजा, काट्यावर १२.४ किलो दिसले आणि पावतीवर १२.० छापले गेले. तर ४०० ग्रॅम दूध कोणी गिळलें? याचें उत्तर तर्कानें नव्हे, दोघांचें बोलणें ऐकूनच मिळतें.

हें बोलणें बहुधा सीरियल पोर्टावरून चालतें. भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली, पण एका तारेवरून एकामागून एक खुणा पाठविण्याची तिची रीत येथें जिवंत आहे. अमेरिकेंत १९६० सालीं ठरलेल्या आरएस-२३२ या प्रमाणांत ऋण दाब म्हणजे १ व धन दाब म्हणजे ०. एका अक्षरास आरंभाची एक, मजकुराच्या आठ व शेवटची एक, अशा सामान्यतः दहा खुणा लागतात. सेकंदास ९६०० खुणांचा वेग असेल, तर ९६० अक्षरें जातात.

ऐकण्यासाठीं तिसरा संगणक घ्यावा. नऊ पिनांच्या जोडणींत त्याची २ क्रमांकाची, म्हणजे कानाची, पिन काट्याच्या बोलणाऱ्या तारेस जोडावी व ५ क्रमांकाची सामाईक तारेस. ३ क्रमांकाची, म्हणजे तोंडाची, पिन मोकळी ठेवावी. संगणकही काट्यास आज्ञा पाठवीत असेल, तर त्या तारेसाठीं दुसरा कान हवा. एका कानास दोन तारा बांधूं नयेत. वेग काट्याप्रमाणेंच ठेवावा, नाहीं तर भलतींच अक्षरें उमटतात. हें प्रमाण एका वक्त्यास एकच श्रोता धरून केलेलें आहे. म्हणून तिसऱ्याच्या भारानें मूळ काम बिघडलें नाहीं ना, हें आधीं पाहावें.

वर्गांतील तंटा सोडवितांना मी प्रथम दोन्ही मुलांचें ऐकून घेत असें, मध्यें बोलत नसें. येथेंही तोच नियम. तारेवर १२.४ आढळलें, तर दोष संगणकाच्या बाजूस शोधावा, १२.० आढळलें, तर काट्याच्या. मात्र हें सारें केंद्रचालकाच्या संमतीनेंच व्हावें. आणि काटा स्वतः खरा आहे कीं नाहीं, हें तार सांगत नाहीं. त्यासाठीं प्रमाणित वजनें व वैधमापन खात्याचा शिक्काच पाहिला पाहिजे.