मांडीवरचे मूल

मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस, असे आपण धरून चालतो. अपघाताच्या क्षणी हा हिशेब चुकतो. नवजात अर्भकाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते. प्रौढाचे साधारण एक अष्टमांश. असे जड डोके कोवळ्या मानेवर तोललेले, म्हणून लहान मूल फेकले गेले की बहुधा डोक्यावरच आदळते. बरगड्या इतक्या लवचीक, की त्या न मोडताही आतील फुप्फुसाला इजा होऊ शकते. अंगावर फारसा ओरखडा नसतो, आणि घरचे म्हणतात, "देवाच्या कृपेने वाचला!"

मोटारीत पुढे बसलेल्या आईच्या मांडीवरचे मूल आपणांस सुरक्षित वाटते. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी शाळेतले गणित मांडून पाहिले. ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून खाली पडणे होय. मोटार अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवण्यास सुमारे २०० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. कोणत्या माउलीचे हात ते पेलतील? तिने स्वतः पट्टा बांधला नसेल, तर तिचाच भार बाळावर येतो. बरे, मोठ्यांचा पट्टा मुलाला लावावा, तर तो कमरेच्या हाडावर न बसता पोटावर चढतो. म्हणून मागे तोंड केलेली बाळखुर्ची हवी. १९६४ साली स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी तिचा नमुना केला. कल्पना सुचली ती अंतराळवीरांच्या आसनावरून. तीत धक्का साऱ्या पाठीवर वाटला जातो.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास पट्टा वा बाळखुर्ची नसल्यास १००० रुपये दंड आहे. पण शेतातल्या ट्रॅक्टरचे काय? आमच्या ऊसपट्ट्यात मडगार्डवर नातवंड बसविणे ही हौसच. वास्तविक ट्रॅक्टरवर आसन एकच, चालकाचे. बांध ओलांडताना गचका बसला, की मूल मागच्या चाकापुढे पडते, आणि ब्रेक दाबेपर्यंत चाक पुढे गेलेले असते. अमेरिकेत आडरानी चालणाऱ्या तीनचाकी गाड्यांनी अनेक मुले दगावली, तेव्हा १९८८ साली त्यांची विक्री थांबवावी लागली. ट्रॅक्टर थोडाच थांबविता येणार?

"आम्ही असेच वाढलो," हे उत्तर ठरलेले. गावातील एका शेतकऱ्याने मात्र यंदाच्या हंगामात मुलास मडगार्डवर घेणे बंद केले. पोरगा बांधावर उभा राहून रोज भोकाड पसरतो.