न वाढणाऱ्या जिवांचं वाचन

सप्तशृंगीचा डोंगर पाणी वाटून देतो. उत्तरेच्या उतारावरचा पाऊस कळवणकडून गिरणेत, तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात जातो. आमच्या वणीच्या अंगाचा पाऊस गोदावरी धरून बंगालच्या उपसागराला मिळतो. रानातलं नायट्रेट त्याच्याबरोबर वाहत जातं. समुद्रात त्या नायट्रेटचं काय व्हायचं, हे बऱ्याच अंशी डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव ठरवतात. त्यातले बहुतेक अजून प्रयोगशाळेत वाढवता आलेले नाहीत.

सूक्ष्मदर्शकाखाली समुद्राच्या थेंबात पेशींची गर्दी दिसते; तेच पाणी आगारच्या थाळीवर पसरलं, तर शंभरातली एखादीच पेशी वाढते, कित्येकदा तीही नाही. आपण थाळीत भरपूर खाऊ घालतो, पण हे जीव उपासमारीच्या पाण्यात जगायला सरावलेले असतात. काहींना तर शेजारच्या जिवाने बनवलेली जीवनसत्त्वं लागतात.

मग पेशी न वाढवताच तिचा डीएनए वाचायचा. फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी एका रांगेत लेझरसमोरून जातात आणि हवी ती एकटी पेशी तळहाताएवढ्या प्लेटच्या एका खळग्यात पडते. तिथे तिचं आवरण फोडतात. आत सापडणारा डीएनए इतका थोडा, की यंत्राला तो तसा वाचताच येत नाही. म्हणून फाय-२९ नावाच्या विषाणूचं विकर वापरून त्याच्या असंख्य प्रती काढतात. अवघड काम इथेच आहे. काही भागांच्या प्रती उदंड निघतात, काही भाग सुटूनच जातात, आणि परका डीएनए कणभर जरी शिरला तरी त्याच्याही प्रती निघतात. एका पेशीतून हाती येणारा जीनोम म्हणून बहुधा अपुराच असतो.

तरीही तो किती सांगून जातो! पिकोबिलिफाइट हे अतिसूक्ष्म सागरी जीव २००७मध्ये कळले, तेव्हा ते प्रकाशसंश्लेषण करत असावेत असं मानलं गेलं. २०११मध्ये अशा तीन पेशींचे जीनोम वाचले गेले. हरितलवकाचा मागमूसही सापडला नाही. हे खाऊन जगणारे जीव निघाले. एका पेशीत तर विषाणूही होता. पुढे २०१३मध्ये त्यांच्यातली एक जात वाढवता आली, पिकोमोनास, आणि तीही खाणारीच ठरली.

आपल्याकडे समुद्राच्या अभ्यासाचं मोठं घर म्हणजे गोव्यात दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, स्थापना १ जानेवारी १९६६. मार्च २०२१मध्ये तिचं ‘सिंधु साधना’ हे जहाज विशाखापट्टणमहून हिंदी महासागरातल्या सूक्ष्मजीवांच्या जीनोमचा नकाशा करायला निघालं. बेत ९० दिवसांचा आणि सुमारे १०,००० सागरी मैलांचा होता. इथला भर पाण्यातल्या सगळ्या जिवांचा डीएनए एकत्र वाचण्यावर. त्यातून कोणकोण आहे हे कळतं, पण कोणतं जनुक कोणाचं, याची खात्री एकेक पेशी वाचूनच होते. दोन्ही पद्धती हातात हात घालून चालायला हव्यात.

आपल्या दोन समुद्रांची उदाहरणंच बघा. अरबी समुद्राच्या प्राणवायू आटलेल्या थरात सूक्ष्मजीव नायट्रेटमधला नायट्रोजन मोकळा करून हवेत सोडतात. बंगालच्या उपसागरातल्या तशाच थरात ती जनुकं असलेले जीव आहेत, पण ते काम जवळपास थंडावलेलं. प्राणवायूचा अत्यल्प अंश त्यांना अडवतो, असं २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्यात गोव्याच्या संस्थेचे शास्त्रज्ञही होते. म्हणजे जनुकांची यादी असून पुरत नाही, जीव ती वापरतो का हेही बघावं लागतं.

त्यासाठी जीव वाढवणंही सोडून चालणार नाही. जगाच्या समुद्रात सर्वत्र आढळणारा सार-११ हा जिवाणूगट १९९०मध्ये फक्त जनुकावरून ओळखला गेला. समुद्राच्याच पाण्यात धीराने ठेवल्यावर तो २००२मध्ये वाढला. नाशिक जिल्ह्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी संगणकावर जीनोम वाचायला जरूर शिकावं, पण थाळी आणि नळी खाली ठेवू नये. या कामाला दोन्ही येणारी माणसं लागणार आहेत.