वकिलातीआधीचं नातं

मराठवाड्यातल्या अंतरवाली सराटीच्या परिसरात इस्रायलचं नाव निघतं ते ठिबक सिंचनावरून. इस्रायलमध्ये मराठी बोलणारी हजारो माणसं राहतात, हे मात्र इकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ती बेने इस्रायली ज्यू, मूळची रायगडच्या किनाऱ्यावरची. तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी बंद ठेवायची, म्हणून 'शनिवार तेली'. आडनावं पेणकर, रोहेकर, केहीमकर.

भारत-इस्रायल संबंध १९९२ मध्ये सुरू झाले, असं सर्रास सांगितलं जातं. २९ जानेवारी १९९२ ला पूर्ण राजनैतिक संबंध जुळले आणि वकिलाती उघडल्या, एवढंच त्यात खरं. भारताने इस्रायलला मान्यता दिली होती १७ सप्टेंबर १९५० ला, आणि १९५३ पासून मुंबईत त्यांची कॉन्सुलेटही होती. मधली चाळीसेक वर्षं दिल्लीत वकिलात नव्हती, पण बेने इस्रायलींपैकी बहुतेक इस्रायलला गेले ते याच काळात.

इथे जाच झाला म्हणून ते गेले, असंही काहींना वाटतं. हा समज मला सर्वांत जास्त खटकतो. धर्मामुळे त्यांना इथे कुणी छळलं नाही. ओढ होती पवित्र भूमीची आणि नव्या देशात चांगलं जगायला मिळेल या आशेची. खरी परीक्षा तिकडे झाली. पिढ्यानपिढ्या शनिवारचा शब्बाथ पाळलेल्या या लोकांना लग्न ठरवताना वंशाचा पुरावा द्या, असं तिथल्या धर्मपीठाने १९६० च्या दशकात सांगितलं. आईची आई कोण, तिची आई कोण, असं मागे मागे जात विचारायचं. बेने इस्रायली जेरुसलेममध्ये धरण्याला बसले. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू ठरवलं, तेव्हा धर्मपीठाला मागे यावं लागलं.

या माणसांमुळेच वकिलाती उघडल्या, असं मात्र म्हणता येत नाही. शीतयुद्ध संपलं, ऑक्टोबर १९९१ मध्ये माद्रिदला अरब आणि इस्रायली एका टेबलाशी बसले, त्यानंतर नरसिंह राव सरकारने पाऊल उचललं.

तोवर लोद, अश्दोद, दिमोनातल्या मराठी घरांत मलिदा होतच होता. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं, आणि प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाची प्रार्थना. प्रार्थना हिब्रूत, ताटाचं नाव मात्र तिकडेही मलिदाच.