काळ्या मातीची पकड

मृगाच्या आधी आर्णीकडच्या वावरातून पाय जपून टाकावा लागतो. भेगा एवढ्या की हातातली काठी सहज आत जावी. पाऊस पडला की त्याच भेगा मिटतात आणि माती चपलेला सोडत नाही. या फुगण्या-आकसण्याने घराच्या भिंती तडकतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण पृथ्वीवर पहिला जीव कसा घडला याचा शोध घेणारे शास्त्रज्ञही याच गुणामुळे अशा मातीकडे वळले आहेत.

आपली काळी माती ही काळ्या पाषाणाची लेक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले. तो कातळ झिजून ती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. (फ्रान्समधल्या एका गावावरून हे नाव पडले; आर्णीवरूनही पडले असते, मातीची काय कमी होती!) त्याचे कण पोथीच्या पानांसारखे असतात. पानांमध्ये पाणी शिरले की पोथी फुगते. पानांवर सूक्ष्म विद्युतभार असल्याने चुना, पालाश अशी अन्नद्रव्ये त्यांना धरून राहतात आणि पिकाला मिळतात.

हीच पकड पहिल्या जीवाच्या कामी आली असेल काय? जीव घडायला लहान रेणू जोडून लांब साखळी व्हावी लागते. अफाट समुद्रात ते विखुरतात. मातीच्या कणावर मात्र दाटीने बसतात. ब्रिटनमधील शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी १९५१ साली हा विचार पुस्तकात मांडला. १९९६ साली अमेरिकेत जेम्स फेरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खनिजावर आरएनएचे, म्हणजे पेशीतल्या निरोप्याचे, सुटे घटक रोज थोडे थोडे घातले आणि पन्नासाहून अधिक कड्यांची साखळी जोडून दाखवली. २००३ साली जॅक शोस्टाक यांच्या प्रयोगशाळेत दिसले, की स्निग्ध आम्लांचे पेशीसारखे सूक्ष्म फुगे या मातीमुळे लवकर बनतात, आणि पुष्कळदा मातीचा कण पोटात घेऊनच.

म्हणून जीव आर्णीच्या वावरात जन्मला असे मात्र समजू नये. ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात जीवाच्या खुणा असलेले सुमारे ३४८ कोटी वर्षांचे खडक आहेत. त्यांच्यापुढे आपला कातळ कालचे पोर. पण ज्वालामुखीचा खडक आणि पाणी त्या काळीही होते, आणि त्यांपासून अशी माती बनू शकते. शिवाय फेरिस यांनी वापरलेले घटक प्रयोगशाळेत आधीच तयार केलेले होते. निसर्गात ते कसे झाले, हा प्रश्न उरतोच. काहीजण तर मातीऐवजी समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांकडे बोट दाखवतात.