पहिला रूट कॅनाल आणि मनातील धास्ती

दाताच्या कठीण कवचाच्या आत एक मऊ गाभा असतो. त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असून तो मुळांतील अरुंद नलिकांतून टोकापर्यंत उतरलेला असतो. कीड या गाभ्यापर्यंत पोहोचली म्हणजे तो सुजतो. परंतु भोवतालचे कवच ताठ असल्याने सुजेला पसरण्यास जागा मिळत नाही. झोप उडविणारा ठणका तो हाच. रूट कॅनाल या उपचारात दंतवैद्य हा बिघडलेला गाभा काढतो, सूक्ष्म कानशींनी नलिका स्वच्छ करतो आणि गट्टा-पर्चा नावाच्या, झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या पदार्थाने त्या भरून टाकतो.

या उपचाराची धास्ती जुन्या काळात निराधार नव्हती. कावेरीकाठच्या कुंभकोणम् नगरापासून सुमारे ४० किलोमीटरांवर असलेल्या तंजावर येथे दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांनी धन्वंतरी महाल चालविला. तेथील नेत्ररुग्णांची सचित्र टिपणे उपलब्ध आहेत. मात्र ईथरने वेदना हरण करून शस्त्रक्रिया केल्याचे जाहीर प्रात्यक्षिक बोस्टन येथे झाले ते १८४६ मध्ये. तेव्हा सरफोजींच्या काळी वैद्य कितीही कुशल असला तरी रोग्याला सारे सोसावेच लागे. आज कुंभकोणमच्या मराठी किंवा तमिळ घरातील रोगी दंतवैद्याकडे जातो, तेव्हा १९४३ मध्ये स्वीडनमधील निल्स लोफग्रेन यांनी तयार केलेले लिडोकेन त्याच्या साहाय्याला असते. भारतात ते लिग्नोकेन या नावाने अधिक परिचित आहे. हे औषध मज्जातंतूतून जाणारा संदेशच रोखते.

तरीही भीती उरते. ती मोजण्यासाठी नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये चार प्रश्नांची एक श्रेणी प्रसिद्ध केली. उद्या दंतवैद्याकडे जायचे असेल तर कसे वाटेल, बाहेर बसले असता कसे वाटते, तो यंत्र सज्ज करीत असता काय होते, अशा प्रकारचे ते प्रश्न आहेत. नीट पाहिले तर हे सर्व प्रश्न वाट पाहण्याविषयीचे आहेत. वाट पाहताना शरीर सावध होते, छाती धडधडते, स्नायू आवळतात आणि अशा स्थितीत साधा स्पर्शही दुखरा भासतो.

म्हणून उपाय वाट पाहण्यावरच योजावा. शक्य तर सकाळची वेळ मागावी, म्हणजे दिवसभर तेच चिंतन होत नाही. वेगळी सूचना नसेल तर थोडे खाऊन जावे. कुंभकोणमची डिग्री कॉफी कितीही प्रिय असली तरी त्या दिवशी एकच पेला पुरे; कॉफीने होणारी धडधड भीतीचीच वाटू लागते. खुर्चीवर बसण्यापूर्वी भीती स्पष्ट सांगावी, प्रत्येक पायरी आधी समजावून घ्यावी आणि डावा हात वर केला की काम थांबेल असे ठरवून घ्यावे. तोंड उघडे असता मराठी आणि तमिळ दोन्ही भाषा सारख्याच निरुपयोगी! श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा.

एक गोष्ट लपविणे योग्य नव्हे. सुजलेल्या भागात आम्लता वाढते व तेथे बधिर करणारे औषध कमी पडते. खालच्या दाढांत तर हा अनुभव विशेष येतो. अशा वेळी निमूट सोसू नये. हात वर करावा. वैद्य आणखी औषध देऊ शकतो, अथवा दुसऱ्या जागी सुई देऊ शकतो.

भीतीपायी दिवस ढकलणाऱ्याला कधी कधी ठणका आपोआप थांबल्याचे आढळते. तो बरा झाल्याचे समजतो. वास्तविक गाभा मृत झालेला असतो आणि जंतू मुळाच्या टोकातून हाडात शिरत असतात. पुढे गळू होते. कित्येकदा दातच काढावा लागतो.

उपचारानंतर ओठ काही तास बधिर राहतो. तेवढा वेळ ओठ किंवा गाल चावला जाणार नाही याची काळजी घ्यावी. चावताना थोडे दुखणे काही दिवस राहू शकते; सूज किंवा ताप आल्यास मात्र त्वरित वैद्याकडे जावे.