बोटीवरचे खेळ आणि आपली भिशी

मैत्रिणींनो, आपल्या चुडाव्याहून पूर्णेला जाऊन देवगिरी पकडली की मुंबई फार लांब नाही! सप्टेंबर २०२१ मध्ये तिथून कॉर्डेलियाच्या क्रूझ सहली सुरू झाल्या, तेव्हापासून भिशीतही बोटीचाच विषय.

राहणं-जेवण तिकिटात असतं. पण आर्केड, म्हणजे व्हिडिओ गेमची खोली, मोठ्या क्रूझवर बहुधा वेगळ्या पैशांची. तिथं रोख चालत नाही. बोटीवर मिळालेलं कार्ड यंत्राला टेकवलं की रक्कम थेट खोलीच्या बिलात! पोरांना वाटतं फुकटच आहे, आणि आपल्याला कळतं उतरताना. वर्षभर साठवलेली भिशी अशी जायची! म्हणून पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन मुलांच्या कार्डाला मर्यादा घालायला सांगा, नाहीतर त्यावरचा खर्च बंदच करून घ्या. परभणीच्या उरुसात कसं, आपण नोट मोजून हातावर ठेवतो!

बाहुली उचलायच्या चिमट्याचं यंत्र म्हणजे तर जत्रेतल्या रिंग फेकण्याची सख्खी बहीण. दहादा पैसे, एकदा बाहुली. तीही नशीब असेल तर. कॅसिनोत मुलांना प्रवेश नसतो, तेवढंच बरं.

लहानांसाठी किड्स क्लब असतो, तो दिवसा बहुतेक बोटींवर तिकिटातच येतो. आधी तिकडे न्या. वयाची अट तेवढी बुकिंग करतानाच विचारून ठेवा.